बावीचे पहिले पाणी

रविवार, ४ मे १९८६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी आमच्या बावीच्या काठावर गुडघे टेकले आणि निर्जंतुक केलेली काचेची बाटली दोरीने खाली सोडली. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. तळाशी माझे वडील उभे होते. गढूळ पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत होते, हातात डबा होता, आणि डब्याचा दोर वर एका फळीला बांधलेला होता. सहा वर्षांनी आम्ही एकमेकांना पाहत होतो. मी त्यांच्याशी बोललेले पहिले वाक्य असे होते : "जरा बाजूला व्हा. नमुना घ्यायचा आहे."

ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

ज्या पाण्यात माणूस उभा आहे त्या पाण्याचा नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. हे मला पुरते ठाऊक होते. तरीही मी तो घेतला, कारण त्या क्षणी माझ्या हातांना काहीतरी काम असणे आवश्यक होते. बाटली वर ओढली, बूच लावले, चिठ्ठी चिकटवली, बर्फाच्या डब्यात ठेवली. वर बसून पाहणाऱ्या काकीने विचारले, "काय गो, रत्नागिरीत पानी संपला काय? बाटल्या भरून नेतस ती?"

काकी म्हणजे शेजारच्या घरातली माझी चुलत चुलती. तिच्याच निरोपावरून मी आले होते आणि शनिवारी रात्री तिच्याकडेच उतरले होते. आदल्या आठवड्यात तिचा जावई रत्नागिरीला आला, तेव्हा त्याच्यासोबत तिने सांगून पाठवले होते : तुझा बापूस एकटाच बाव उपसतोय, थकलेला माणूस, तळातच राहील, येऊन बघ. मी वडिलांना बघायला आले नव्हते. मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तात्पुरती साहाय्यक होते, वाडीला पाणी नव्हते, आणि पाणी हा माझा विषय होता. एसटीत बसताना मी स्वतःला एवढेच कारण दिले होते.

वाडी संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. घरे जेमतेम वीस. बावी दोन. त्या वर्षी खालची बाव चैत्रातच आटली आणि बायका दूरच्या ओहोळातल्या झऱ्यावर वाटीने पाणी भरू लागल्या. आमच्या बावीला मात्र बारा महिने पाणी असे. ते पाणी १९८० च्या मे महिन्यापासून कुणी तोंडाला लावले नव्हते, कारण माझी आई त्यात गेली.

हे वाक्य मी कसे लिहावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. 'गेली' या क्रियापदापलीकडे काही लिहिण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. पंचनाम्यात पाय घसरल्याचे लिहिले गेले. वाडीत हळू आवाजात वेगळे बोलले गेले : पहाटे पाण्याला जाणारी बाई कळशीवाचून कशी जाईल? तिची कळशी बावीच्या काठावर नव्हती आणि घरातही नव्हती. मी त्या वेळी बारावीची परीक्षा देऊन रत्नागिरीला मामाकडे निकालाची वाट पाहत होते. त्या रात्रीचे एकही निरीक्षण माझ्याजवळ नाही.

त्याआधीच्या रात्रींची मात्र पुष्कळ आहेत. वडील मुंबईला गिरणीत होते. ते शिमग्याला येत, गणपतीला येत आणि मे महिन्यात येत. गाडीतून उतरताना ते कौतुक करण्याजोगे असत : धुतलेला सदरा, पिशवीत माझ्यासाठी फूटपट्टी, कंपास, एकदा तर भिंग. दोन दिवस घर हसते असे. तिसऱ्या दिवशी ते संध्याकाळी कुठूनतरी पिऊन परतत आणि त्यांचा आवाज बदलत असे. आई तो बदल माझ्याही आधी ओळखे. "जा, बावीवर जाऊन बस," ती म्हणे, "मी हाक मारीपर्यंत येऊ नको." मी बावीवर जाऊन बसे. खडा टाकायचा आणि पाण्याचा आवाज येईपर्यंत मनात आकडे म्हणायचे, हा माझा खेळ होता. पावसाळ्यानंतर आकडे कमी होत, उन्हाळ्यात वाढत. पुढे अकरावीत पडणाऱ्या वस्तूचे सूत्र शिकवले गेले, तेव्हा वर्गात ते मला सर्वांत आधी कळले आणि शिक्षकांनी माझी पाठ थोपटली. मी ते कुठे शिकले होते हे त्यांना सांगण्यासारखे नव्हते.

आईच्या बाराव्यानंतर वडील मुंबईला निघून गेले. जाताना त्यांनी बाव उपसली नाही. आमच्या वाडीची रीत अशी की बावीत माणूस गेले तर त्याच घरच्यांनी ती उपसायची. परक्याने त्या पाण्याला हात लावायचा नाही. मीही गेले नाही. मामाकडे राहून पदवी घेतली, मुंबईच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. केले, प्रथम वर्ग मिळवला. गिरणीला टाळे लागल्यावर वडील कायमचे गावी परतले, हे मला काकीकडून कळले. दारू सुटली, हेही तिच्याचकडून. ते मी कधी पडताळून पाहिले नाही. वर्षामागून वर्ष बावीच्या काठावर रान माजत गेले, आणि त्या घरात एकटे राहणारा माणूस पलीकडच्या झऱ्यावरून स्वतःपुरते पाणी आणत राहिला.

तर त्या पहिल्या रविवारचा नमुना रत्नागिरीला नेला. अपेक्षेप्रमाणे नळ्यांमधले जांभळे द्रावण पिवळे पडले आणि आतल्या उलट्या नळ्यांत वायू जमला. पाणी दूषित होते. याचे मला एक प्रकारचे समाधान वाटले. दोष पाण्यात होता, तो दिसत होता, आणि त्यावर उपाय होता.

पुढच्या रविवारी मी विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घेऊन गेले. वडिलांनी तोवर तळाचा सगळा गाळ काढला होता. झऱ्याची तोंडे मोकळी झाली होती आणि नवे, स्वच्छ पाणी चढत होते. चिऱ्यांमधले शेवाळ त्यांनी काथ्याने घासले होते. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढी बावीत कशी सोडायची ते मी त्यांना दाखवले. ते माझ्या हातांकडे लक्षपूर्वक पाहत होते. दर दोन दिवसांनी किती टाकायचे ते मी सांगितले.

"लिहून देऊ का?"

"नको. ध्यानात रवंल."

मग ते पडवीत गेले आणि एक कळशी घेऊन आले. तांब्याची, हिरवी पडलेली, एका बाजूला खोल पोचा आलेली. मी ती ओळखली. तो पोचा मी नववीत असताना पडला होता. त्यांनी ती आईवर फेकली होती, ती चुकली आणि उंबऱ्यावर आपटली. आई त्यानंतरही तीच कळशी वापरत राहिली. कमरेवर घेतली की पोचा बरोबर बसतो, असे ती शेजारणींना हसून सांगे.

"गाळात गावली," वडील म्हणाले.

मी कळशी हातात घेतली. गळ्यात दोराचा तुकडा नव्हता. असता तरी सहा वर्षांत कुजला असता. माझे मन ताबडतोब कामाला लागले. कळशी तळात होती, म्हणजे आई कळशी घेऊन गेली होती, म्हणजे ती पाण्याला गेली होती, म्हणजे पाय घसरला. सहा वर्षे मला हवा असलेला पुरावा माझ्या हातात होता. मात्र एका निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणे संभवत असतील तर दुसरे तपासल्यावाचून पहिले स्वीकारू नये, हेही मला शिकवले गेले होते.

"तुम्ही टाकली होती का ही? त्या रात्री?"

ते खोटे बोलू शकले असते. "नाही" एवढा शब्द पुरला असता, आणि आम्हा दोघांनाही तो उपयोगी पडला असता.

"म्हाईत नाय," ते म्हणाले. "मी शुद्धीत नव्हतो. टाकली आसंल. नसंल. मी लय आठवून बघितला. नाय आठवत."

मी कळशी खाली ठेवली, दुपारी उशिरा दुसरा नमुना घेतला आणि गाडीला निघाले. संगमेश्वरच्या थांब्यावर मला जाणवले की मी त्यांच्यावर रागावले होते ते त्यांच्या खरेपणामुळे. खोटे बोलणाऱ्याला दोष देऊन मोकळे होता येते. हा माणूस माझ्याइतकाच त्या प्रश्नात अडकून पडला होता, आणि त्याच्याशी माझे काही सारखे असावे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

बुधवारी निकाल आला. एकाही नळीत वायू नव्हता. पाणी पिण्यास योग्य.

त्याच आठवड्यात मला बंगलोरच्या एका संशोधन संस्थेत निवड झाल्याचे कळले. जून महिन्यात रुजू व्हायचे होते. मी प्रयोगशाळेतल्या कुणाला सांगितले नाही. संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर गेले, शेंगदाणे घेतले आणि होड्या किनाऱ्याला लागताना पाहत उभी राहिले. ज्या गोष्टीसाठी मी सहा वर्षे राबले ती हाती आली होती आणि ती सांगावी असे एकही घर मला आठवत नव्हते. बदली होऊन दूर गेलेल्या मामांना पत्र लिहिता आले असते. ते आनंदले असते आणि लग्नाचे विचारले असते. शेंगदाणे संपले तेव्हा पुडी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि खोलीवर परतले.

तिसऱ्या रविवारी वाडीत जाऊन मी अहवाल वाचून दाखवला. ही माझी चूक होती, पण ती चूक आहे हे समजायला मला आणखी आठवडा लागला. बायका हंडे घेऊन आमच्या अंगणात जमल्या होत्या. वडील पडवीच्या कोपऱ्यात बसले होते. मी कागद उघडून स्पष्ट आवाजात, एकेक ओळ समजावीत वाचले. जंतू नाहीत. क्षार योग्य प्रमाणात. हे पाणी लहान मुलालाही चालेल. सगळ्यांनी नीट ऐकले. दोघीतिघींनी माना डोलावल्या. मग एकेकीने आपला हंडा उचलला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि सगळ्या ओळीने झऱ्याच्या वाटेला लागल्या.

मला वाटले त्यांना समजले नाही. मी काकीला थांबवले आणि पुन्हा सांगू लागले.

"अगो, कळला," काकी म्हणाली. "पानी चांगला हाय ह्या आमाला कळला. आमी काय येड्या हाव?"

"मग भरत का नाही?"

"तू प्यालीस?"

"मी पिते की. आत्ता पिते."

"अशी नाय. तुजा बापूस काडील, तुज्या वंजळीत वतील, आनि तू पिशील. वाडीदेखत. मग आमी भरू."

ही रीत मला ठाऊक नव्हती. माझ्या आयुष्यात वाडीत तसा प्रसंगच आला नव्हता. गेलेल्या माणसाची जी दोन सर्वांत जवळची माणसे, त्यांतल्या एकाने बावीचे पहिले पाणी काढायचे आणि दुसऱ्याने त्याच्या हातचे प्यायचे. त्या घरात पाणी एकमेकांना चालते, हे वाडीला दिसले पाहिजे.

"आणि मी नाही प्याले तर?"

काकीने हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. "तर काय? झरा हाय. लांब हाय, पन हाय. तुजा कागूद चाटून तर काय तहान भागायची नाय." दोन पावले जाऊन ती वळली. "तुला कोन जबरदस्ती करनार नाय, बाय. तुजी आयस होती ती. आमची नव्हती."

मी प्याले नाही. पडवीतून वडिलांनी सगळे ऐकले होते. मी पर्स उचलली तेव्हा ते म्हणाले, "गाडीला येळ हाय. जेवून जा." मी म्हटले, नको. ते म्हणाले, "बरा."

तो आठवडा मी रत्नागिरीच्या खोलीत काढला, आणि तो मला अजून तपशिलाने आठवतो, कारण त्यात काहीही घडले नाही. दिवसा प्रयोगशाळा. संध्याकाळी स्टोव्हवर भात आणि पिठी. घरमालकीण रेडिओ लावी आणि भिंतीपलीकडून बातम्या ऐकू येत. मी प्रश्न मांडून पाहत होते. वाडी माझ्याकडून जे मागते आहे त्याला क्षमा म्हणायचे का? असेल, तर ती माझ्यापाशी नाही. जे नाही ते आहे असे चारचौघांत दाखवणे म्हणजे खोटा निकाल लिहिणे. नसेल, तर एक ओंजळ पाणी पिण्याला माझी हरकत काय? दोन्ही बाजूंनी मी त्याच जागी येत होते. आई काय म्हणाली असती, हा प्रश्न मी टाळत होते, कारण त्याचे उत्तर मला माहीत होते. ती पोचा आलेली कळशी कमरेवर बसते म्हणून हसली असती. तिचे ते हसणे मला कधीच मान्य नव्हते. ते मान्य नसणे हेच तर मी तिच्यासाठी शिल्लक ठेवले होते. तेही सोडले तर तिच्या बाजूने उभे राहणारे कोण उरेल?

शनिवारी रात्री जेवताना पाण्याचा तांब्या रिकामा झाला. मी उठले, कोपऱ्यातला नळ सोडला, तांब्या भरला आणि पुन्हा बसले. एवढेच. मग मला झऱ्याची वाट आठवली. त्या वाटेवरच्या एकाही बाईने माझ्या आईला कधी मारले नव्हते.

२५ मे रोजी पहिल्या गाडीने मी वाडीत पोचले. बावीवर वडील होते. आठवडाभर त्यांनी ठरल्याप्रमाणे पावडरची निवळ सोडली होती. मी तपासले, प्रमाण अचूक होते. मला ते आवडले नाही. त्या हातांना इतकी काळजी घेता येत होती, तर ती त्यांनी आधी का घेतली नाही? खुणा केलेली दोरी सोडून मी पाण्याची खोली मोजली : चार फूट एक इंच.

"काकीला हाक मारा," मी म्हटले. "सगळ्यांना येऊ दे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि हाक मारायला गेले.

बायका आल्या, चार म्हातारे आले, मुले काठावर चढली आणि ओरडा खाऊन खाली उतरली. वडिलांनी नारळ फोडला. मग घरातून ती कळशी आणली. चिंच आणि राख लावून त्यांनी ती लखलखीत घासली होती. पोचा तसाच होता. गळ्याला नवा दोर बांधून त्यांनी ती आत सोडली. सगळ्यांनी ती ओळखली होती. कळशी भरून वर आली. पाणी काठावरून सांडत होते.

मी ओंजळ पुढे केली.

त्यांनी ओतले नाही. कळशी छातीशी धरून ते उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता, जमलेल्या सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "हिच्या आयशीला मी मारायचो. तुमी सगळ्यांनी ऐकलाव हाय ता. कोन बोलला नाय, मीपन बोललो नाय. आता बोलतंय. ती कशी गेली ता मना म्हाईत नाय. पन मी मारायचो."

एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. काकीने पदर तोंडाला लावला. आईच्या बाजूने उभे राहणारे आणखी कुणी असू शकते, आणि ते हे असू शकतात, ही शक्यता मी आठवडाभराच्या माझ्या मांडणीत धरलीच नव्हती.

"ओता," मी म्हटले.

पाणी गार होते. त्याला पावडरचा किंचित वास होता आणि तांब्याची किंचित चव होती. ओंजळीतले निम्मे मनगटांवरून ओघळून कोपरापर्यंत गेले. मी उरलेले प्याले. मग पुन्हा ओंजळ केली, कारण मला तहान लागली होती. पहाटेपासून मी काही घेतले नव्हते. त्यांनी पुन्हा ओतले.

"झाला गो," काकी म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "सरा आता. तुमी बापलेक सगळी बाव पिताव काय?"

त्यानंतर आमच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. हंडे, कळश्या, डबे, दोरांची गर्दी, "माजा नंबर" आणि "तू मगाशी भरलास" यांची भांडणे. मी पडवीत बसले. वडील अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसले. तिथूनच त्यांनी विचारले, "आता कुटं?" काकीने त्यांना काही सांगितले असावे असे मला वाटले, पण काकीलाही माहीत नव्हते. मी म्हटले, "बंगलोर. संशोधनाला. जूनपासून."

"लांब हाय."

"हो."

"भिंग हाय ना तुज्याकडं?"

मी होय म्हटले. ते खरे होते. दुपारी त्यांनी भात आणि कुळथाचे पिठले केले. आम्ही जेवलो. दोन ताटे मांडून झाल्यावर ते तिसऱ्या पाटाकडे पाहत थोडे थांबले, मग तो उचलून भिंतीला लावला. मी ते पाहिले, आणि मी ते पाहिले हे त्यांनी पाहिले.

मी त्यांना क्षमा केली का, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसाचे मला निश्चित माहीत असलेले एवढेच आहे : संध्याकाळी पाच वाजता, शेवटच्या गाडीला निघण्यापूर्वी, मी एकटी बावीवर गेले. काठ ओला होता, चिऱ्यांवर हंड्यांची वर्तुळे उमटली होती आणि कुणाची तरी चुंबळ विसरून राहिली होती. मी खुणा केलेली दोरी खाली सोडली, वर ओढली, ओल्या जागेवर बोट धरून मोजले आणि सकाळच्या आकड्याखाली लिहिले :

१ फूट ९ इंच.